नियम तोच, पट्टी नवी

गेल्या अंकात बार्सिलोनाच्या फॉर्म्युला वन शर्यतीबद्दल लिहिताना विंगच्या, म्हणजे गाडीला वाऱ्याच्या जोरावर जमिनीकडे दाबणाऱ्या पंखाच्या, चाचणीवर जाताजाता चार ओळी खरडल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी टायरचे डावपेच आणि ‘पुढच्या वर्षी कोण कुठल्या टीमकडे’ हे प्रश्न बाजूला ठेवलेत. सगळ्यांचा सूर एकच: हंगाम अर्ध्यावर असताना गाड्यांचे तांत्रिक नियम बदलणं हा अन्याय आहे की नाही?

नव्या वाचकांसाठी सांगते, मी ना ड्रायव्हर ना मेकॅनिक. भोसरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं स्टँडर्ड्स रूममध्ये गेजेस, म्हणजे मोजायची साधनं, तपासत होते. भाऊ मोटोक्रॉस खेळायचा, त्याच्यामागे फिरता फिरता स्क्रुटिनीचं, म्हणजे शर्यतीतल्या गाड्या नियमात बसतात का ते तपासायचं, काम गळ्यात पडलं. त्यामुळे माझी उत्तरं ही मोजणाऱ्या बाईची उत्तरं आहेत.

ताई, माझं आणि मेहुण्याचं बोलणं बंद व्हायची वेळ आलीय. तो म्हणतो, २०२५ मध्ये मॅक्लॅरेन टीम पुढे होती म्हणून एफआयएने, म्हणजे शर्यतींचे नियम करणाऱ्या जागतिक संस्थेने, मध्येच विंगचा नियम बदलला. क्रिकेटमध्ये कोणी सिक्सर मारतोय म्हणून सीमारेषा मागे सरकवतात का? — एक वाचक, कराड

मेहुण्याला जेवायला बोलवा आणि जेवण झाल्यावर सांगा की तो चुकतोय. विंगचा नियम २०२५ मध्ये बदललाच नाही. हवेशी संबंध येणारा भाग गाडीला घट्ट जोडलेला असावा, हलता कामा नये, हे कलम जुनंच आहे. पंचाईत अशी की न वाकणारी वस्तू जगात नाही. आमच्या खोलीत ग्रॅनाइटची सरफेस प्लेट होती, वीतभर जाडीची. तीसुद्धा स्वतःच्या वजनानं वाकते, म्हणून तिला मोजूनमापून ठरवलेल्या तीन जागी टेकू देतात. मग ताशी ३०० किलोमीटरच्या वाऱ्यात कार्बन फायबरची विंग वाकली तर नवल काय? किती वाकलेली चालेल, हे ठरवायला एफआयए गाडी उभी असताना विंगवर भार टाकून बघते. पुढच्या विंगवर दोन्हीकडे १०० किलोचा भार टाकला तर वाकणं १५ मिलिमीटरच्या आत हवं, असं होतं. १ जूनच्या बार्सिलोनाच्या शर्यतीपासून त्याचे १० मिलिमीटर केले. बदलली ती चाचणी.

आता यात इंजिनिअर मंडळींची करामत अशी. भार जिथे टाकणार तिथे विंग ताठ उभी राहील आणि वारा जसा दाबतो तशी मात्र वाकेल, असे कार्बनचे थर एकावर एक बसवायचे. मंद वळणावर विंग पुरती उभी, त्यामुळे नाक जमिनीला चिकटतं. वेग वाढला की ती मागे कलते, पुढचा दाब उतरतो आणि गाडीची शेपटी निसटत नाही. एका विंगच्या पैशात दोन विंगा! परीक्षेच्या खोलीत शहाण्यासारखं बसणारं आणि मैदानावर धुडगूस घालणारं पोर असतं ना, तसं.

आणि ‘मध्येच’ म्हणाल तर हे जानेवारीतच जाहीर झालं होतं. तयार विंगा भंगारात जाऊ नयेत म्हणून जूनची तारीख दिली. खरं ‘मध्येच’ झालं ते मागच्या विंगबाबत. मार्चमध्ये मेलबर्नला काही गाड्यांची मागची विंग वेगात आपल्या दोन पात्यांमधली फट उघडताना कॅमेऱ्यात दिसली आणि पुढच्याच आठवड्यात, शांघायला, त्या फटीच्या चाचणीची मर्यादा २ मिलिमीटरवरून अर्ध्यावर आणली. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरवर, बरं का, निम्म्यावर नव्हे! टीम्सना वेळ नाही म्हणून शांघायपुरती पाव मिलिमीटरची सूट. मेहुण्याला भांडायचंच असेल तर या मुद्द्यावर भांडू दे.

बार्सिलोनाला काय झालं? पियास्त्री पहिला, नॉरिस दुसरा. दोघेही मॅक्लॅरेनचे.

ज्याच्यावर नेम धरलाय असं सगळे म्हणतात तो पडतोच असं नाही, हे मी बऱ्याचदा बघितलंय. २०२० मध्ये मर्सिडीज टीमचा पात्रता फेरीतला (शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या फेरीतला), इंजिनची ताकद वाढवणारा खास ‘पार्टी मोड’ बंद पाडायला म्हणून, पात्रता फेरी आणि शर्यत दोन्हींत इंजिनची मांडणी एकच ठेवायची, असा फतवा निघाला. लागू झाला इटलीतल्या मोंझापासून. त्या शनिवारी मर्सिडीजच्याच हॅमिल्टननं मोंझाची फेरी १ मिनिट १८.८८७ सेकंदांत मारली, सरासरी ताशी २६४ किलोमीटर. फॉर्म्युला वनमधली तोपर्यंतची सर्वांत वेगवान फेरी.

टेक्निकल डिरेक्टिव्ह म्हणजे नियमच का? टीव्हीवर सगळे ‘नवा नियम’ म्हणतात. — एक वाचक, नाशिक

नाही. आपल्याकडे कायदा विधिमंडळ करतं आणि त्याचा अर्थ कसा लावायचा याचं परिपत्रक खातं काढतं. डिरेक्टिव्ह म्हणजे ते परिपत्रक. एफआयए टीम्सना कळवते की अमुक कलमाकडे आम्ही आता असं बघणार आहोत. बंधनकारक निर्णय देतात शर्यतीचे स्टुअर्ड, म्हणजे पंच, आणि त्यांच्यावर एफआयएचं आंतरराष्ट्रीय अपील न्यायालय. नियमाचे शब्दच हंगामात बदलायचे तर टीम्सची संमती लागते. सुरक्षेचं कारण असेल तर लागत नाही. म्हणून तर ज्याला त्याला सुरक्षेचं कारण हवं असतं. त्यावर पुढे येते.

२००३ मध्ये मी सातवीत होतो. भिंतीवर विल्यम्स टीमच्या माँटोयाचं पोस्टर होतं. फेरारीनं टायरची तक्रार करून त्याचं विजेतेपद पळवलं, असं मी बावीस वर्षं मानत आलोय. तुमचं काय मत? — एक वाचक, नागपूर

पोस्टर अजून असेल तर काढू नका, पण उत्तर थोडं लांबेल.

आधी बाकीच्या वाचकांसाठी सांगते. २४ ऑगस्ट २००३, हंगेरी. रेनॉच्या अलोन्सोचा पहिला विजय, वय वर्षं बावीस. पहिले सातही जण मिशेलिन कंपनीच्या टायरवर. तिची प्रतिस्पर्धी ब्रिजस्टोन; तिच्या टायरवरचा पहिला माणूस आठवा, आणि तो होता फेरारीचा मायकेल शूमाकर. अलोन्सोनं त्याला एक फेरी मागे टाकलं होतं. गुणतक्ता बघा: शूमाकर ७२, माँटोया ७१, मॅक्लॅरेनचा रायकोनेन ७०. शर्यती उरल्या तीन. आणि त्याच आठवड्यात एफआयएचं पत्र गेलं की यापुढे पुढच्या टायरची रुंदी शर्यतीनंतरही मोजली जाईल.

नियम काय होता? पुढच्या टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा २७० मिलिमीटरपेक्षा रुंद नसावा. तोवर टायर मोजत ते कोरे असताना. कोरा मिशेलिन आरामात बसायचा. पण टायर झिजतो, तापतो, दबतो, त्याचा खांदा खाली येतो आणि टेकणारा पट्टा रुंदावतो. ब्रिजस्टोन आणि फेरारीचं म्हणणं असं की शर्यत धावते तो झिजलेला टायर, तर तो मोजा. मिशेलिनचं म्हणणं असं की इतके दिवस आम्ही हेच टायर देतोय, तुम्हीच मोजून पास करताय, आता तीन शर्यती राहिल्यावर तुम्हाला जाग आली का?

हे वाचताना मला माझीच एक शनिवार-रविवारची शर्यत आठवते. पुण्याबाहेरचा मातीचा ट्रॅक, टू-स्ट्रोक गट. नियमपुस्तिकेत लिहिलेलं: ‘कार्बोरेटरचा बोअर (आतलं भोक) २६ मिमीपेक्षा जास्त नसावा.’ मी लेथवर एक दांडा काढून घेतला होता, २६.१ मिलिमीटरचा, गोल, चकचकीत, टोकाला तांबडा रंग. दांडा बोअरमध्ये गेला तर नापास, अडला तर पास. शनिवारी पंधरा गाड्या दहा मिनिटांत तपासल्या आणि स्वतःवर खूष झाले. हीट, म्हणजे त्या दिवशीची शर्यत, जिंकली एका सातारच्या पोरानं. संध्याकाळी दुसऱ्या एका पोराचा मामा बॅटरी घेऊन माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, “बाई, त्याच्या कार्बोरेटरमध्ये आत बघा जरा.”

स्लाइड काढली, बॅटरी मारली. बोअर गोल नव्हताच. आडवा बरोब्बर २६, पण वरखाली कानशीनं घासून जवळजवळ २८ केलेला, अंड्यासारखा. वरच्या बाजूला कानशीचे बारीक ओरखडे चमकत होते. गोल दांडा लंबगोल भोकात जात नाही. ही शाळेतली भूमिती, आणि स्टँडर्ड्स रूमची बाई ती विसरली! रविवारी मी टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर घेऊन उभे-आडवे दोन्ही व्यास मोजले, तर आणखी तिघे सापडले. इथवर ठीक होतं. पण मी शनिवारची हीटही रद्द केली. त्या पोराचा बाप आरडाओरडा करायला आला नाही. शांतपणे म्हणाला, “काल तुमच्याच दांड्यानं पास केलं होतं ना, बाई?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. रविवारी नापास करणं बरोबर होतं, शनिवारचा कप काढून घेणं चूक होतं. तो दांडा माझा होता. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

म्हणून नागपूरकर, एफआयएच्या त्या पत्राकडे मी दोन डोळ्यांनी बघते. मोजायची नवी पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा खरी होती, यात मला शंका नाही. शर्यतीत पळतो तोच टायर मोजायचा, कपाटातला नव्हे. आणि त्यांनी हंगेरीचा निकाल हलवला नाही, माझ्यापेक्षा शहाणे निघाले. पण मधे फक्त तीन आठवडे, तक्रार करणाऱ्या टीमचा ड्रायव्हर गुणतक्त्यात एका गुणानं वर टेकलेला, आणि त्याचाच नुकताच फेरीभर पराभव झालेला. ही वेळ बघून ज्याला काही वाटलं नाही त्याला कशातच काही वाटणार नाही.

आता माँटोया. मोंझासाठी मिशेलिननं अरुंद टायर बनवून आणले. शूमाकर जिंकला, माँटोया दुसरा, पाचेक सेकंदांनी मागे. त्यात टायरचे किती आणि ड्रायव्हरचे किती, हे कुठलंही स्टॉपवॉच सांगत नाही. पण विजेतेपद गेलं ते पुढच्या शर्यतीत, अमेरिकेत इंडियानापोलिसला. तिथे तो फेरारीच्या बारिकेलोला धडकला, दंड म्हणून पिटमधून, म्हणजे गॅरेजसमोरच्या गल्लीतून, हळू जावं लागलं, सहावा आला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. ती धडक त्यानं स्वतः दिली होती, मिशेलिननं नव्हे. शेवटी जपानला, सुझुकात शूमाकरनं आठवा येऊन एक गुण मिळवला आणि रायकोनेनला ९३-९१ असं हरवलं. रडायचंच तर रायकोनेनसाठी रडा. दोन गुण फार थोडे असतात.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २००६ मध्ये रेनॉच्या मास डॅम्परवर ‘हलणारं एरोडायनॅमिक उपकरण’ म्हणून बंदी घातली असं वाचलं. तो तर नाकाच्या आत बंद होता, वाऱ्याला लागतही नव्हता! हे कसं काय? — एक वाचक, रत्नागिरी

पुस्तक मिटवा आणि एक प्लॅस्टिकची पट्टी घ्या. टेबलाच्या कडेला अर्धी बाहेर काढून दाबून धरा आणि टिचकी मारा. बराच वेळ थरथरत राहील. आता बाहेरच्या टोकाला रबरबँड अडकवून त्याला एक नट लोंबकळवा आणि पुन्हा टिचकी मारा. पहिल्या प्रयत्नात काही होणार नाही. रबराची लांबी कमीजास्त करत बसा, नट बदला. एक जागा अशी सापडेल की पट्टी वर जाताना नट खाली ओढतो आणि थरथर चटकन मरते. हाच मास डॅम्पर. तैपेईच्या ‘तैपेई १०१’ इमारतीत हाच प्रकार ६६० टनांच्या गोळ्यानं केलाय, वाऱ्यानं इमारत डुलू नये म्हणून.

रेनॉनं साधारण नऊ-दहा किलोचं वजन स्प्रिंगवर बसवून नाकात ठेवलं. फॉर्म्युला वनच्या गाडीचं सस्पेन्शन दगडासारखं कडक, उसळी असते ती टायरच्या रबरात, आणि टायरला ती उसळी जिरवणारा डॅम्पर नसतो. कर्बवरून, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून, गेलं की नाक थरथरतं. आतलं वजन उलट दिशेला हललं की थरथर संपते, चाक जमिनीला चिकटून राहतं आणि पुढची विंग जमिनीपासून एकाच उंचीवर राहते. विंगची उंची स्थिर, म्हणजे खालून जाणारी हवा स्थिर. एफआयएनं नेमकं इथेच बोट ठेवलं: हे वजन हलतं, त्यामुळे हवेच्या कामगिरीवर परिणाम होतो, आणि असे भाग हलता कामा नयेत असं कलम ३.१५ सांगतं.

तुमच्या चेहऱ्यावर आत्ता जे आलं असेल तेच माझ्याही चेहऱ्यावर आलं होतं. या हिशेबानं टाकीतलं पेट्रोलही हलतं. ड्रायव्हरचं डोकंही हलतं. सस्पेन्शनचा तर जन्मच हलण्यासाठी झालाय, आणि विंगची उंची तेही ठरवतं.

पण युक्तिवादापेक्षा मला खुपतो तो घटनांचा क्रम. रेनॉ हे २००५ च्या अखेरीपासून वापरत होती, उघडपणे. २००६ च्या कॅनडाच्या शर्यतीनंतर रेनॉचा अलोन्सो ८४, फेरारीचा शूमाकर ५९. मग फेरारीनं उचल खाल्ली आणि जुलैत, जर्मनीतल्या हॉकेनहाइमला, एफआयएनं ‘हे चालणार नाही’ म्हटलं. तिथल्या स्टुअर्डनी गाडी बघितली आणि म्हणाले, चालतंय. मग एफआयएनं स्वतःच्याच स्टुअर्डांविरुद्ध अपील केलं! सासूनं सुनेच्या बाजूनं निकाल दिला म्हणून सासऱ्यानं सासूला कोर्टात खेचावं, तसलं काहीतरी. निकाल लागेपर्यंत धोका नको म्हणून रेनॉनं डॅम्पर काढून ठेवला. हॉकेनहाइमला अलोन्सो पाचवा आला, शूमाकर जिंकला, अंतर अकरावर आलं. ऑगस्टमध्ये अपील न्यायालयानं एफआयएच्या बाजूनं निकाल दिला.

माझं मत स्पष्ट आहे. २००३ मध्ये पट्टी बदलली, पण बदललेली पट्टी जास्त खरी होती. २००६ मध्ये पट्टीच नव्हती. मिलिमीटर नाही, किलो नाही, चाचणी नाही, होता तो शब्दांचा अर्थ, आणि तोही वर्षभर डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूला अचानक चिकटवलेला. त्या वर्षीपुरतं चालू द्यायचं आणि पुढच्या वर्षीपासून बंद, एवढं सोपं होतं. २०२० मध्ये मर्सिडीजच्या ‘डॅस’ स्टिअरिंगबद्दल नेमकं हेच केलं. स्टिअरिंग ओढलं-ढकललं की पुढच्या चाकांचा कोन बदलायचा. प्रतिस्पर्धी रेड बुल टीमनं ऑस्ट्रियाला तक्रार केली, फेटाळली गेली, वर्षभर वापर झाला, २०२१ पासून बंद. कुणी उपाशी मेलं नाही.

अलोन्सो ते विजेतेपद १३४-१२१ असं जिंकला, म्हणून हे प्रकरण लोक विसरले. हरला असता तर आज तुमच्या पुस्तकात त्यावर अख्खा धडा असता.

सुरक्षेच्या नावाखाली हे लोक हवं ते बदलतात. १९९४ पासून मी हेच बघतोय. — एक ज्येष्ठ वाचक, बेळगाव

काका, १९९४ ला बहाणा म्हणू नका. ३० एप्रिलला इमोलाच्या ट्रॅकवर ड्रायव्हर राटझेनबर्गर अपघातात गेला, १ मेला सेन्ना. त्यानंतर एफआयएनं शर्यतीमागून शर्यत बदलांचा सपाटा लावला. स्पेनपासून मागचा डिफ्यूझर (गाडीखालची हवा मागे सोडणारा भाग) आखूड, पुढची विंग लहान. घाई इतकी की काही टीम्सनी बार्सिलोनात शुक्रवारी सकाळी सरावाला गाड्या बाहेरच काढल्या नाहीत. घाईघाईत कापलेली गाडी जास्त धोक्याची, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण दोन माणसं गेल्यावर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्या संस्थेला तुम्ही काय म्हणाला असता?

त्यातला एक बदल मला फार आवडतो, कारण तो मोजता येतो. जर्मनीच्या शर्यतीपासून प्रत्येक गाडीच्या पोटाखाली लाकडी फळी बसवली. जाडी १० मिलिमीटर, शर्यतीत झिज १ मिलिमीटरपर्यंत माफ. गाडी जमिनीला फार जवळ ठेवली की फळी घासणार. कुणाची साक्ष नको, सेन्सर नको, शर्यत संपली की मायक्रोमीटर लावा. महिन्याभरातच बेल्जियमला शूमाकरची फळी जास्त झिजलेली निघाली. टीम म्हणाली, गाडी फिरून कर्बवर घासली. स्टुअर्डनी मानलं नाही. विजय डेमन हिलला मिळाला. वर्षाअखेर हिल विजेतेपद एका गुणानं हरला, ९२-९१. कोट्यवधींच्या गाडीचा निकाल सुताराच्या फळीवर, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पण काका, तुमचं म्हणणं २०२२ ला लागू पडतं, निदान अर्धं. नव्या नियमांच्या गाड्या सरळ रस्त्यावर खारीसारख्या उड्या मारत होत्या. बाकूला हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून उतरला. पुढच्याच आठवड्यात माँट्रियालला या उड्यांवर एफआयएचं डिरेक्टिव्ह आलं आणि दुसऱ्या दिवशी मर्सिडीजच्या गाडीवर फ्लोअरला, म्हणजे तळाला, आधार देणारी दुसरी तार बसलेलीसुद्धा होती. यांना एका रात्रीत तार मिळाली कुठून, असं बाकीचे कुजबुजले, आणि शनिवारी ती तार गायब झाली. टीमप्रमुखांच्या बैठकीत मर्सिडीजचे वोल्फ विरुद्ध रेड बुलचे हॉर्नर आणि फेरारीचे बिनोतो अशी जुंपली. हॉर्नरचं म्हणणं साधं होतं: दुखतंय ना, मग तुमची गाडी उंच करा, आमच्या गाडीला का हात लावता?

पाठ खरी दुखत होती आणि फायदाही खरा हवा होता. दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी होऊ शकतं. एफआयएनं शेवटी उड्यांना आकडी मर्यादा घातली आणि ती ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या स्पाला लागू केली. तिथे रेड बुलचा वेर्स्टापेन चौदाव्या जागेवरून सुटला आणि जिंकला. मर्सिडीजला काय मिळालं हे विचारू नका.

नारायण कार्तिकेयनचे २००५ चे ते पाच गुण खरे धरायचे का? सहाच गाड्या धावल्या होत्या. — एक वाचक, पुणे

खरे. नियम *न* बदलल्याचं ते उदाहरण आहे, म्हणून इथे घेते. इंडियानापोलिसच्या तेराव्या, कललेल्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकेनात. त्यांनी मागणी केली की वळणाआधी शिकेन, म्हणजे नागमोडी अडथळा, बांधा, वेग कमी होऊ द्या. एफआयए म्हणाली, ब्रिजस्टोनवाले या ट्रॅकला साजेसे टायर घेऊन आलेत, त्यांनी काय पाप केलं? १९ जूनला मिशेलिनवरच्या चौदा गाड्या फॉर्मेशन लॅप, म्हणजे शर्यतीआधीची तयारीची फेरी, करून गॅरेजमध्ये वळल्या. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. जॉर्डन टीमचा नारायण चौथा आला, फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय. शिकेन बांधायला हवी होती असं मला आजही वाटतं, गुण न देता का होईना; लोक तिकिटं काढून आले होते. पण नारायणनं कुठलंच वळण चुकवलं नाही. त्याचे पाच गुण पाचच आहेत.

माझा मुलगा अकरा वर्षांचा, कार्टिंग करतो. आमच्या स्थानिक स्पर्धेत पहिल्या तीन फेऱ्यांत ड्रायव्हरसकट वजन बरोबर भरलं. चौथ्या फेरीला आयोजकांनी नवा काटा आणला आणि त्यावर दीड किलो कमी भरलं. मुलगा बाद. विचारलं तर म्हणाले, ‘नियम तोच आहे.’ काय करू? — एक पालक, कोल्हापूर

या सगळ्यांत तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून शेवटी ठेवला. निवांत उत्तर देता येईल.

आधी वाद घालू नका, काटा बघा. त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का, कोणत्या वर्षाचा? काटा सपाट काँक्रीटवर आहे की फरशीच्या सांध्यावर? एक पाय अधांतरी असला तर दीड किलो इकडेतिकडे सहज होतं. शिक्का मारलेलं २० किलोचं माप कुणा धान्यवाल्याकडून मागून न्या आणि दोन्ही काट्यांवर ठेवून आकडे लिहून घ्या. जुना काटा खोटा निघाला तर तुमचा मुलगा तीन फेऱ्या कमी वजनानं पळाला हे मनात मान्य करा, पण ते निकाल काढून घेऊ देऊ नका. माझ्या दांड्याची गोष्ट त्यांना सांगितली तरी चालेल.

मग आयोजकांना एक पानी पत्र द्या, मराठीत, भांडण न करता. विचारा की नवा काटा कधी आणला, पालकांना कधी कळवलं, आणि सरावाच्या दिवशी सगळ्यांना वजन करून बघायला तो उघडा ठेवला होता का? ठेवला असेल आणि तुम्ही चढला नसाल, तर चूक तुमची. ठेवला नसेल तर चौथ्या फेरीबद्दल दाद मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वजन कधी करतात हेही विचारा. शर्यतीनंतर करत असतील तर जळालेलं पेट्रोल, घामानं उतरलेलं वजन, हातात काढून ठेवलेलं हेल्मेट, सगळं मोजायला लागतं. बाद होणारी निम्मी मुलं तिथेच जातात.

पुढच्या फेरीसाठी सीटला दोन किलो शिसं लावा. बोल्टनं, दोन नटांनी घट्ट, टेपनं नाही. टेपनं लावलेलं शिसं वळणावर उडून मागच्या पोराच्या तोंडावर जातं, मी बघितलंय. सीटच्या पाठीला उंचावर लावू नका, तळाशी लावा. आणि दीड किलो भरून निघावं म्हणून पोराला सकाळी जबरदस्तीनं चार डोसे खायला घालू नका. ते पहिल्याच वळणावर बाहेर येतात आणि वजन पुन्हा कमी भरतं.